वशिंड

तक्ता तालुक्याहून आला, सुतळीनं बांधून.
उलगडला तर एक कोपरा उंदरानं खाल्लेला,
आणि नेमका त्याच कोपऱ्यात उंदीर होता, असं
पद्मीनबाई म्हणते. मी पाहिला नाही.

भिंतीला लावला. छडी टेकवली गायीवर.
काळे-पांढरे ठिपके, गुलाबी कास,
पायाखाली हिरवळ इतकी
की आमच्या मन्याडकाठी श्रावणातही नाही.
"ही कोण?"
सतरा लेकरं गप्प.
मग शिवन्या, बाहीला नाक पुसत, जरा दयेनंच:
"बाई, ही गाय न्हाई. हिला वशिंड न्हाई."
"मग कोण?"
"कुत्रंय. मोठं."

तिच्या घरी लाल कंधारी आहे.
तिच्या वशिंडावर गाल टेकून झोपते ही,
तिला मी काय सांगणार होते?
पोळ्याचा उरलेला गेरू बोटावर घेतला,
शासनाच्या गायीच्या पाठीवर
एक टेकडी चढवली.
"आता?"
"आता हाय."

त्या दिवसापासून छडी कपाटावर.
प्राणी आम्ही शिकत नाही, होतो.
माझी ओढणी शेपटीत गेली.
दप्तरं शर्टाखाली गेली, बरोबर खांद्यांच्या मध्ये.
जुनैद बकरी होऊन बसतो
तेव्हा आधी पुढचे गुडघे टेकतो, मग मागचं खाली घेतो.
बकरी अशी बसते
हे मला बेचाळिसाव्या वर्षी कळलं.
ओंकार म्हैस. प्यायचं पाणी फरशीवर सांडून
त्यात लोळतो, कारण कोरडी म्हैस खोटी.
पद्मीनबाई खिचडीचा पळा घेऊन धावते,
"ए हेल्या!"
तो खूश:
"बाई, वळखलं मला!"

तक्त्यावर शेवटचा जिराफ.
"ह्यो कसा वरडतो?"
मला माहीत नव्हतं.
प्रशिक्षणात जिराफापर्यंत आम्ही पोचलोच नव्हतो,
त्या दिवशी जेवण उशिरा आलं होतं.
पद्मीनबाईला विचारलं. म्हणाली,
"एवढ्या मानेतून वर येऊस्तोवर
आवाज दमत आसंल."
मी म्हटलं, बोलत नाही तो बहुतेक.

तेव्हा रेवण उठला.
जूनपासून आलेला, एक शब्द नाही,
हजेरीला फक्त भुवई.
खिडकीशी घमेलं पालथं घातलं त्यानं,
वर चढला, दोन बोटं डोक्यावर उभी केली,
आणि मान, आहे तेवढी, ताणली.
रोज. दहापासून खिचडीपर्यंत.
शिवन्यानं त्याला लिंबाची डहाळी नेऊन दिली.
कडू होती. त्यानं चावली, थुंकली नाही.

मंगळवारी आम्ही सगळेच चार पायांवर,
मीसुद्धा, गुडघ्याला पदर गुंडाळून,
फरशीभर ओंकारचं तळं,
एक कालवड रडत होती कारण तिचं वशिंड घसरलेलं,
आणि वरून, फार उंचावरून आवाज आला:
"गाडी येलाली."

सगळी जनावरं थांबली.
पद्मीनबाईचा पळा थांबला.
मला आधी वाटलं, बाहेरून कुणी बोललं.

मॅडमची स्कूटी अजून पुलाजवळ, बोटाएवढी.
तेवढ्या वेळात फरशी पुसता आली असती,
छडी काढता आली असती, निदान उभं तरी राहता आलं असतं.
मी तशीच, चार पायांवर,
खालून त्याच्याकडं बघत राहिले.
तो आमच्याकडं बघत नव्हता. त्याला काम होतं.

"तक्ता कुणी खराब केला?"
मॅडम गेरूवरून बोट फिरवत.
"नीट केलाय," शिवन्या.
मग नमुना निघाला, पेन निघालं:
बालक प्राण्यांचे आवाज काढते, होय किंवा नाही.
जुनैद, होय. ओंकार, होय, फार.
रेवणच्या ओळीला पेन थबकलं.
"जिराफ? आणि जिराफाचा आवाज काय असतो हो, बाई?"

"गाडी येलाली," मी म्हटलं.

त्यांनी काय लिहिलं ते दिसलं नाही.
कागदाच्या कडेला फक्त
गेरूचं एक बोट उमटलं होतं.